विकले, पण दिले नाही

आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात व्हिडिओ गेमवर लेख कशाला, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. ॲट्रॉसिटीची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि वकीलसाहेब पोरांच्या खेळावर लिहीत बसले! प्रश्न रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत वस्तीतून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांत एक नवी तऱ्हा दिसू लागली आहे. बाप मोबाईल पुढे करतो आणि सांगतो, पोराने गेममध्ये साडेतीन हजार घालवले, परत मिळतील का? पोरगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. मागच्या महिन्यात तर एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी स्वतःहून आला. त्याने शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून गेम विकत घेतला होता, आणि तो आता चालतच नव्हता. त्याचा प्रश्न साधा होता. मी विकत घेतले होते ना, मग माझे का नाही?

हाच प्रश्न युरोपात लाखो लोकांनी विचारला आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटार शर्यतीचा गेम बाजारात आणला. लोकांनी पैसे मोजून डिस्क घेतली, कोणी इंटरनेटवरून उतरवून घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायचा भागसुद्धा कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय उघडत नसल्याने कपाटातली डिस्क निव्वळ प्लॅस्टिकची चकती होऊन बसली. पुढे कित्येक ग्राहकांच्या खात्यातला परवानाही काढून घेतला गेला. अमेरिकेत याबद्दल दावा झाला तेव्हा कंपनीने बाजू मांडली ती अशी, की ग्राहकाला मालकी कधी दिलीच नव्हती, मर्यादित परवाना दिला होता. सर्व्हर बंद झाल्यानंतर रॉस स्कॉट या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांनी दहा लाख सह्या दिल्या तर युरोपीय आयोगाला त्या मागणीची दखल घ्यावी लागते. तो आकडा जुलै २०२५ मध्ये ओलांडला गेला. मागणी एवढीच, की विकलेला गेम बंद करायचा असेल तर तो ग्राहकाकडे चालता राहील अशी सोय करून मग बंद करा.

आता आपल्याकडे या. आपल्या वस्त्यांत गेम विकत घेण्याची रीत कधी नव्हतीच. माझ्या लहानपणी पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून खेळायचे, तेही मामाने रुपया दिला तर. पुढे टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असायचे आणि आत तेच पाच-सात गेम फिरून फिरून यायचे. त्या कॅसेटी कोणाच्या हक्काच्या, कोणाच्या चोरीच्या, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. मग सायबर कॅफे आले, तासाला पंधरा-वीस रुपये. तिथे व्हाइस सिटी आणि प्रोजेक्ट आयजीआय खेळलेली पिढी आज पस्तिशी-चाळिशीत आहे. त्यांच्यापैकी एकानेही त्या गेमची मूळ डिस्क पाहिली असेल असे मला वाटत नाही. घरात संगणक नव्हता, बँकेचे कार्ड नव्हते, आणि जवळपास ती डिस्क ठेवणारे दुकानही नव्हते. जे मिळत होते ते एसटी स्टँडबाहेर, प्लॅस्टिकच्या कागदावर मांडलेल्या सीडींच्या रांगेत, तीस-चाळीस रुपयांना.

अशीच एक रांग लावणारा पोरगा माझ्या सुरुवातीच्या पक्षकारांपैकी. २००६ च्या सुमाराची गोष्ट. बारावी नापास, बाप नगरपालिकेत सफाई कामगार, घरात जुना संगणक आणि सीडी राइट करायचे यंत्र. छाप्यात दोनशेच्या वर सीडी, तो संगणक आणि यंत्र असा मुद्देमाल जप्त झाला. पंचनाम्यात सगळ्या सीडी ‘बनावट’ म्हणून एका ओळीत. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? ऐपतीचा दाखला असलेला, सातबारा असलेला माणूस आमच्या वस्तीत कोण? अकरा दिवस पोरगा आत राहिला. ज्या घाऊक विक्रेत्याकडून तो मूळ प्रती आणत होता, त्याचे नाव दोषारोपपत्रात कुठेच नव्हते.

कायदा काय म्हणतो ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगते. धंद्यातल्या नफ्यासाठी कृत्य केलेले नसेल तर न्यायालयाला शिक्षा कमी करता येते. हा गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र यावर उच्च न्यायालयांत बरीच वर्षे मतभेद होते. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात निकाल दिला, की तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे माझ्या त्या पक्षकाराला आज अटक झाली तर अकरा दिवसांवर भागेल याची खात्री मी देणार नाही. त्याच्याही पुढे आपल्या राज्याने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या स्थानबद्धता कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घातला. ती तरतूद चित्रपटांच्या चोरीसाठी आहे, गेमसाठी नाही. पण फुटपाथवरच्या त्याच प्लॅस्टिकवर चित्रपटही असतात आणि गेमही. खटला न चालवता वर्षभर आत ठेवण्याची ताकद त्या कायद्यात आहे. देशातल्या कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त. छापा कोणाच्या प्लॅस्टिकवर पडतो आणि कोणाच्या गोदामाकडे पाठ फिरवतो, हे या आकड्यांत दिसते.

इथे आमचे काही तरुण कार्यकर्ते लगेच म्हणतील, मग चोरून खेळणे हाच विद्रोह! भांडवलदाराचे फुकट घेतले तर कोणाचे काय बिघडले? मला हे मान्य नाही, आणि मी ते स्पष्ट लिहितो. आपण पंचशील घेतलेली माणसे आहोत. दुसरे शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचे आहे, म्हणजे जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. त्यात ‘मालक श्रीमंत असल्यास घ्यावे’ अशी सवलत नाही. शिवाय चोरी नेहमी बड्या कंपनीचीच होते असेही नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी ‘राजी’ नावाचा गेम केला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही ते थांबले नाहीत, आणि २०२० मध्ये गेम बाजारात आणला. त्यातल्या देवदेवता बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला नकोत, तो भाग वेगळा. पण त्यांची मेहनत खरी आहे आणि तिचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळावे? आपल्या शाहिरांनी, जलसाकारांनी गाणी लिहिली, चाली लावल्या. कॅसेटी निघाल्या, गावोगाव वाजल्या. दुकानदार मोठे झाले, आणि गाणे लिहिणारा म्हातारपणी औषधाला महाग. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या मानधनातला निम्मा वाटा लेखकाला सोडून देता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ उजाडले. ज्यांची गाणी लुटली गेली त्यांनीच लुटीचे गोडवे गाऊ नयेत.

पण मग शील दोन्ही बाजूंना लावा. दुकानाने पैसे घेतले, पावती दिली, पडद्यावर ‘विकत घ्या’ असे बटण दाखवले, आणि दहा वर्षांनी वस्तू काढून घेतली. हे ‘न दिलेले घेणे’ नाही तर काय? पैसे ग्राहकाने दिले होते. वस्तू मात्र कंपनीने दिलीच नव्हती, फक्त विकली होती. वकिली भाषेत याला परवाना म्हणतात. स्टीम हे संगणकावरच्या गेमचे सर्वांत मोठे दुकान २००३ पासून चालू आहे. तिथे पैसे भरताना ‘तुम्हाला मिळतो तो परवाना’ अशी स्पष्ट सूचना दिसू लागली ती थेट २०२४ मध्ये. त्याच सुमारास कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की परवाना देत असाल तर तसे ठळक सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येणार नाही. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. एकवीस वर्षे जो शब्द वापरला तो खोटा होता, हे कबूल करायला कायदा लागला.

डिस्क होती तेव्हा हा खेळ करता येत नव्हता. डिस्क एकाने घेतली की ती भावाकडे, भावाकडून मित्राकडे जायची. जुनी झाली की निम्म्या किमतीत विकायची आणि त्यात भर घालून दुसरी घ्यायची. गरिबाला मूळ वस्तू परवडायची ती अशीच. आमच्या पिढीने वकिलीची पुस्तके याच मार्गाने वापरली, चौथ्या-पाचव्या हाताने. कंपन्यांना हे नेहमीच खुपत आले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी जुन्या डिस्कच्या हस्तांतरावर बंधने जाहीर केली होती. गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पण जे बंदी घालून जमले नाही ते डिस्कच नाहीशी करून साधले जात आहे. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा त्याची एक आवृत्ती डिस्कचा खणच नसलेली होती. उतरवून घेतलेला गेम पुन्हा विकता यावा म्हणून फ्रान्समधली ग्राहक संघटना स्टीमच्या मालकांविरुद्ध न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, २०२२ मध्ये अपिलात तो फिरवला गेला. जे भांडण युरोपातली पैसेवाली संघटना हरते, ते आपला एकटा विद्यार्थी कसा जिंकणार?

किमतीचेही बोलू. प्लेस्टेशन ५ चे मोठे गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना आले. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सोळा दिवस माती उपसली तरी सात रुपये कमी पडतात, आणि हे यंत्राची किंमत न धरता. असा भाव लावायचा आणि मग ‘भारतीय लोक चोर आहेत’ म्हणून बोंब मारायची! अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय बौद्धिक संपदेच्या बाबतीत भारताला वर्षानुवर्षे नाठाळांच्या यादीत बसवते. मुंबईच्या हिरापन्ना बाजाराचे नावही त्यांच्या बदनाम बाजारांत झळकले आहे. भाव कोणाच्या खिशाकडे बघून ठरला, याची यादी मात्र कोणी काढत नाही.

याबाबत पोलंडचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. त्या देशात १९९४ पर्यंत संगणक प्रणालीला कॉपीराइटचे संरक्षणच नव्हते. वॉर्सातल्या संगणक बाजारात नकली गेम उघड विकले जात. मार्सिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की हे दोन शाळकरी मुलगे त्याच बाजारात गेमची देवघेव करत. १९९४ मध्ये त्यांनी सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली आणि मूळ गेम रीतसर आणून विकायला सुरुवात केली. समोर बाजारात तोच गेम स्वस्तात पडलेला. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा गेम पूर्णपणे पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली, किंमत आवाक्यात ठेवली. लोकांनी नकली सोडून असली घेतला. पुढे याच कंपनीने २००७ मध्ये ‘द विचर’ केला आणि २००८ मध्ये जीओजी नावाचे दुकान उघडले. तिथे गेमची फाइलच हातात मिळते, कुलूप नाही. एकदा उतरवून ठेवली की दुकान बंद पडले तरी गेम चालतो.

तिथे बाजारातल्या त्या मुलांची कंपनी झाली. इथे एसटी स्टँडवरचा पोरगा गुन्हेगार झाला. अक्कल दोघांकडे होती, जातीचा शिक्का आणि पोलिसांची गाडी एकाच्याच वाट्याला. मराठीत गेम आणावा असे तर कोणाला सुचलेच नाही.

आपल्या लोकांना विकत घ्यायची सवय नाही म्हणणाऱ्याने सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर यावे. भाकरी बांधून आलेला माणूस पदरचे पैसे मोजून पुस्तक घेतो. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड अल्प किमतीत काढले, तेव्हा लोकांनी रांगा लावून घेतले. खंड संपले आणि छपाई रखडली तेव्हा झेरॉक्स निघाल्या. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्या रखडीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. परवडणारी असली प्रत समोर असताना झेरॉक्स काढणारा मी अजून पाहिलेला नाही.

आज मात्र वस्तीतली बहुसंख्य मुले यांतले काहीच करत नाहीत. ती विकत घेत नाहीत आणि चोरतही नाहीत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ‘फुकट’ गेम मोबाईलवर आपोआप आले. पबजी, फ्री फायर उतरवायला पैसा लागत नाही. पैसा लागतो तो आतल्या पोशाखाला, बंदुकीच्या रंगाला, नशिबाच्या पेटीला. असली पेटी म्हणजे जुगार, असे बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्येच ठरवले. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, ते योग्यच झाले. पण पोशाख-बंदुकांचे दुकान वेगळ्या दाराने उघडेच आहे. आणि तिथे घेतलेले तरी आपले असते का? २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली तेव्हा घेतलेले सगळे एका आदेशात हाताबाहेर गेले. २०२१ मध्ये तोच गेम नव्या नावाने आला, जुने खाते हलवायची सोय काही काळ मिळाली. पण ती कंपनीची मर्जी होती, ग्राहकाचा हक्क नव्हता.

पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने ‘मान्य आहे’ दाबले म्हणून करार होत नाही. करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करारास पात्रच नाही, आणि १९०३ च्या ‘मोहोरीबीबी’ निकालापासून असा करार मुळातच रद्दबातल मानला जातो. तेव्हा लाजून गप्प बसू नका. पैसे गेल्याबरोबर दुकानाकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, मुलाच्या वयाचा पुरावा जोडा. पैसे परत येतीलच असे नाही. मी स्वतः तीन प्रकरणांत अर्ज केले, एकात आले. आणि मुलाने स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची आपल्यापुरती प्रत काढून ठेवली तर त्यात गुन्हा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी प्रत काढायची मुभा आहे.

बंद पडलेल्या गेमसाठी काय करायचे, हा त्या विद्यार्थ्याचा प्रश्न जास्त अवघड. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही चांगली व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एकाच पक्षाला देणारे कलम त्यात बसते. पण असल्या कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. हजार रुपयांच्या गेमसाठी गडचिरोलीच्या पोराने राज्य आयोग गाठायचा! हा अधिकार जिल्हा आयोगाला दिला पाहिजे, आणि तोवर दिल्लीच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे ‘विकत घ्या’ या दिशाभूल करणाऱ्या शब्दाबद्दल तक्रारी गेल्या पाहिजेत. २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांच्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. परवान्याला खरेदी म्हणणे ही त्यातली सर्वांत मोठी क्लृप्ती ठरावी. मसुदा मी तयार केला आहे. विद्यार्थी संघटनांनी सह्या गोळा करायची जबाबदारी घ्यावी.

त्या एसटी स्टँडवरच्या पोराचा खटला सहा वर्षे चालला. कंपनीचा एकही माणूस साक्षीला आला नाही, कोणत्या सीडीवर कोणाचा हक्क हे सिद्ध झाले नाही, तो सुटला. त्या दोनशेंत एक डिस्क असली होती. मुंबईहून पावती घेऊन आणलेली, स्वतःला खेळायला. पावती घरी जपून ठेवली होती, म्हणून कलम ४५२ खाली अर्ज करून आम्ही ती मुद्देमालातून परत मागितली. न्यायालयाने दिली. चरे पडले होते, पण चालत होती. आज तो मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. माझ्याकडे आलेला तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी त्याचाच पुतण्या. सोबत आलेल्या काकाने जाताना विचारले, “साहेब, माझी डिस्क कोर्टातून सुटली. याचा परवाना सोडवायला अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा?”